दोन मीटरचं अंतर आणि रस्त्यावरचा हक्क

१९ एप्रिल २०२०, रविवारची संध्याकाळ. तेल अवीवच्या राबिन चौकात दोन हजारांहून जास्त माणसं जमली होती, पण त्याला गर्दी म्हणता आलं नसतं. जमिनीवर खुणा आखल्या होत्या, दर दोन मीटरवर एक. ज्यानं त्यानं आपापल्या खुणेवर उभं राहायचं. तोंडावर मास्क, बऱ्याच जणांच्या अंगात काळे कपडे, काहींच्या हातात काळे झेंडे. वरून काढलेल्या छायाचित्रांत तो चौक पाभरीनं पेरलेल्या शेतासारखा दिसतो. माणूस, मोकळी जागा, माणूस, मोकळी जागा.

ही माणसं बेंजामिन नेतन्याहू यांच्या विरोधात उभी होती. नेतन्याहूंवरचा भ्रष्टाचाराचा खटला १७ मार्चला सुरू व्हायचा होता. त्याच्या दोनच दिवस आधी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्यांच्याच न्यायमंत्र्यांनी साथीचं कारण देऊन न्यायालयांचं कामकाज जवळपास थांबवलं आणि खटला २४ मेपर्यंत पुढे गेला. पंतप्रधानांना साथीमुळे सवड मिळाली. लोकांना मात्र साथीमुळेच घरात बसायचं होतं.

त्या छायाचित्राकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण साथीच्या काळातल्या आंदोलनांचा सगळा वाद त्यात आहे. त्या दोन वर्षांत सरकारांनी आपल्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, अंतर ठेवा. दुसरी, आत्ता विरोध करू नका. पहिली रोगशास्त्रातून आलेली होती. दुसरी पहिलीच्या आडून आली, आणि दोन्ही एकच असल्यासारखं आपण वागलो. अंतर ठेवायला सांगण्याचा सरकारला पूर्ण अधिकार होता. गप्प बसायला सांगण्याचा तसूभरही नव्हता. राबिन चौकातल्या लोकांनी या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, म्हणून त्या खुणांचं मोल मला मोठं वाटतं.

यावरचा आक्षेप किरकोळ नाही, आणि तो उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. बारा तासांची पाळी करून आयसीयूतून बाहेर आलेल्या नर्सनं चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन टीव्ही लावावा आणि समोर हजारोंचा मोर्चा दिसावा, तेव्हा तिला येणारा राग खरा आहे. मोर्चात जाणारा आपल्या जिवाची जोखीम उचलतो हे ठीक. पण तीच जोखीम तो रात्री घरी नेतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्यानं विचारलेलं नसतं. एरवी आंदोलनाची किंमत आंदोलक मोजतो. साथीत ती न आलेल्यांनाही मोजावी लागते. हा फरक मोठा आहे आणि ज्याला त्याचं ओझं जाणवत नाही त्यानं आंदोलन उभारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोलंबियाचं उदाहरण घ्या. २८ एप्रिल २०२१ला तिथे देशव्यापी बंद झाला. कारण होतं सरकारचं करवाढीचं विधेयक. तिसरी लाट चढत होती, बोगोतामधले आयसीयूचे नव्वद टक्क्यांहून जास्त बेड भरलेले होते. तरी लोक उतरले. चार दिवसांत, २ मेला, अध्यक्ष इव्हान दुके यांनी विधेयक मागे घेतलं, दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री गेले. पण निदर्शनं थांबली नाहीत, पोलिसांच्या कारवाईत कित्येक माणसं मारली गेली, आणि जूनमध्ये देशातल्या कोविड मृत्यूंचा आकडा एक लाखावर गेला तेव्हा दुके यांनी त्याचं खापर मोर्चांच्या गर्दीवर फोडलं. खापर फोडणं सरकारच्या सोयीचं होतं. पण सोयीचं आहे म्हणून त्यात तथ्याचा कणही नाही, असं मी म्हणणार नाही. आठवडेच्या आठवडे रोज गर्दी होते तेव्हा संसर्ग काही प्रमाणात पसरणारच.

मग प्रश्न उरतो तो किती पसरतो आणि कशानं पसरतो, याचा. हा विषाणू मुख्यतः बंद, कोंदट जागेतल्या हवेतून फैलावतो हे २०२०च्या उत्तरार्धापर्यंत बरंच स्पष्ट झालं होतं. उघड्यावर, मास्क लावून चालणारा मोर्चा आणि दारं-खिडक्या बंद असलेलं सभागृह यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत मे २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर शेकडो शहरांत निदर्शनं झाली. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं तीनशेहून अधिक मोठ्या शहरांची आकडेवारी तपासली तेव्हा निदर्शनांमुळे रुग्णवाढीचा वेग चढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. एक कारण असं दिसलं, की निदर्शनांच्या दिवसांत त्या शहरांतली इतर माणसं जास्त घरात थांबली. याचा अर्थ मोर्चे निर्धोक असतात असा कुणी काढू नये. अर्थ इतकाच, की मोर्चा म्हटला की रुग्णालयं भरणारच, हे गृहीतक तपासल्याशिवाय वापरता येत नाही.

जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत पोलिसांचा वाटाही मोजायला हवा, आणि तो कुणी मोजत नाही. अश्रुधूर सोडला की माणूस मास्क काढतो, खोकतो, डोळे चोळतो. चारही बाजूंनी घेरलं की अंतर संपतं. धरपकड करून गाडीत कोंबलं आणि कोठडीत डांबलं, की उघड्यावरचा माणूस नेमका बंद, कोंदट जागेत जाऊन बसतो. बेलारूसमध्ये ९ ऑगस्ट २०२०च्या निवडणुकीनंतर काही महिन्यांत तीस हजारांहून जास्त लोकांना पकडलं गेलं. मोजक्या माणसांसाठी असलेल्या खोल्यांत दाटीवाटीनं माणसं भरली गेली. हे तेच सरकार, ज्यानं टाळेबंदी केलीच नाही, ज्याच्या अध्यक्षांनी व्होडका आणि ट्रॅक्टरवरचं काम हे उपाय सांगितले, आणि ज्यानं ९ मे २०२०ला मिन्स्कमध्ये विजयदिनाचं लष्करी संचलन थाटात पार पाडलं. गर्दीचं भय त्या सरकारला कधीच नव्हतं. भय होतं ते गर्दी काय म्हणेल याचं.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. साथीत विरोध थांबवा म्हणणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. साथीत राज्यकारभार थांबत नाही. उलट त्याचा वेग वाढतो. कायदे होतात, वटहुकूम निघतात, नेमणुका होतात, कंत्राटं दिली जातात. एरवी ज्या निर्णयावर रस्ते भरले असते तो निर्णय रस्ते रिकामे आहेत तोवर उरकून घ्यावा, हा मोह कुठल्याही सरकारला होतो. हंगेरीत ३० मार्च २०२०ला संसदेनं सरकारला वटहुकमानं राज्य करण्याचा अधिकार दिला आणि त्याला मुदतच घातली नाही. तो जूनमध्ये मागे घेतला गेला, पण तोवर लोकांपुढे मोटारींचे हॉर्न वाजवत जाण्यापलीकडे विरोधाचा फारसा मार्ग नव्हता, आणि हॉर्न वाजवणाऱ्यांनाही दंड झाले.

पोलंडमध्ये एप्रिल २०२०मध्ये, कडक टाळेबंदी असताना, गर्भपातावर आणखी बंधनं आणणारं विधेयक संसदेपुढे आलं. एकत्र जमायला बंदी होती, पण दुकानापुढे रांग लावायला परवानगी होती. म्हणून बायका रांगेत उभ्या राहिल्या. दोन मीटर अंतर ठेवून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फलक. नियम तंतोतंत पाळला आणि बोलायचं तेही बोलून झालं. विधेयक तेव्हा समितीकडे गेलं. पण २२ ऑक्टोबरला घटना न्यायाधिकरणानं गर्भात गंभीर दोष असल्याच्या कारणावरून होणारा गर्भपात घटनाबाह्य ठरवला, आणि दोनच दिवसांत पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायला बंदी आली. ३० ऑक्टोबरला वॉर्सात सुमारे एक लाख माणसं रस्त्यावर आली. या बायकांना आता कुणी विचारावं, की तुम्ही साथ ओसरेपर्यंत का थांबला नाहीत? निकाल थांबला होता का? लोकांच्या उद्रेकामुळे त्याची राजपत्रातली प्रसिद्धी तीन महिने लांबली, इतकंच. २७ जानेवारी २०२१ला तो प्रसिद्ध होऊन लागू झाला.

भारतातही हाच क्रम दिसला. शेतीचे तीन वटहुकूम निघाले ५ जून २०२०ला. सप्टेंबरच्या अधिवेशनात साथीमुळे प्रश्नोत्तराचा तास नव्हता. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांची मतविभाजनाची मागणी असताना दोन विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. इतका मोठा बदल साथीच्या काळात वटहुकमानं करण्याइतकी निकड असेल, तर त्याला विरोध करण्याचीही तितकीच निकड मानावी लागते. २६ नोव्हेंबरला शेतकरी दिल्लीच्या सीमेवर पोचले, वर्षभर बसले, आणि १९ नोव्हेंबर २०२१ला कायदे मागे घेत असल्याची घोषणा झाली. एप्रिल २०२१च्या भीषण लाटेत त्यांना घरी जायला सांगितलं गेलं. ऐकायला हरकत नव्हती, आणि लाटेच्या शिखरावर तंबूंतली संख्या आणखी कमी व्हायला हवी होती असं मला आजही वाटतं. पण त्याच महिन्यात पश्चिम बंगालमध्ये प्रचारसभांत माणसांचा महापूर लोटत होता आणि देशातले सर्वोच्च नेते व्यासपीठावरून तो पाहत होते. स्वतः सभा घेणाऱ्यानं दुसऱ्याला गर्दीचे धडे देऊ नयेत.

एकच मापदंड असावा, ही मागणी म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये १३ मार्च २०२१ला लंडनच्या क्लॅपम कॉमनवर, एका पोलीस अधिकाऱ्यानं खून केलेल्या सेरा एव्हरार्डसाठी जमलेल्या बायकांना पोलिसांनी नियमांचा हवाला देऊन हातकड्या घातल्या. वर्षभरानं उच्च न्यायालयानं सांगितलं, की ती सभा होऊ न देताना पोलिसांनी संयोजकांच्या हक्कांचा भंग केला. आणि डाउनिंग स्ट्रीट व आसपासच्या सरकारी कार्यालयांत टाळेबंदीत जमलेल्या मैफलींबद्दल शेवटी १२६ दंड आकारले गेले, त्यात एक खुद्द पंतप्रधानांना. ज्यांनी नियम केले त्यांनाच ते जुमानावेसे वाटले नाहीत, हे कळल्यावर आईच्या अंत्यविधीला न जाता घरी थांबलेल्या माणसाला काय वाटलं असेल? नियमावरचा विश्वास आंदोलनांनी जितका घालवला त्याहून कितीतरी जास्त या मैफलींनी घालवला.

ब्राझीलवर मला थोडं थांबायचं आहे. तिथे २०२०मध्ये चित्र उलटं होतं. अध्यक्ष जाईर बोल्सोनारो साथीला किरकोळ फ्लू म्हणत होते आणि मास्क न लावता समर्थकांच्या मेळाव्यांत हस्तांदोलन करत फिरत होते. रस्त्यावर सरकारची माणसं होती. विरोधक घरात होते. ते रात्री खिडकीत येऊन भांडी बडवायचे. वर्षभराहून अधिक काळ विरोधी पक्षांनी, कामगार संघटनांनी मोठे मोर्चे टाळले. त्यांना भीती होतीच, पण त्यांना आपलं म्हणणंही खोटं पाडायचं नव्हतं. लोकांना अंतर ठेवा म्हणायचं आणि आपणच गर्दी जमवायची, हे त्यांना रुचत नव्हतं.

मग जानेवारी २०२१ आला. मनाऊस शहरातल्या रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला आणि माणसं गुदमरून मेली. मे महिन्यात सिनेटच्या चौकशी समितीपुढे फायझरच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, की ऑगस्ट २०२०मध्ये कंपनीनं ७ कोटी डोस देऊ केले होते आणि त्यावर सरकारकडून उत्तरच आलं नाही. २९ मेला ब्राझीलच्या दोनशेहून अधिक शहरांत लोक उतरले. स्वयंसेवक चांगल्या प्रतीचे मास्क वाटत होते आणि अंतर ठेवण्याची आठवण करून देत होते. सगळ्यांनी ते पाळलं असं नाही, साव पावलोच्या रस्त्यावर दाटी झालीच. रेसिफेत पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या आणि मोर्चाशी संबंध नसलेल्या दोन माणसांचा एकेक डोळा गेला. तीन आठवड्यांनी, १९ जूनला, पुन्हा मोर्चे निघाले. त्याच दिवशी ब्राझीलमधल्या मृत्यूंची संख्या ५ लाखांवर गेली.

त्या मोर्चांतल्या फलकांवर एक वाक्य ठिकठिकाणी दिसत होतं आणि कोलंबियातही ते लिहिलं गेलं होतं: साथ असताना लोक रस्त्यावर येतात, कारण सरकार विषाणूपेक्षा जास्त धोकादायक आहे. घोषणा म्हणून ती टाळ्या घेणारी आहे, पण त्यात एक सरळ हिशेब दडला आहे. रस्त्यावर येण्यात किती जिवांना धोका, आणि न येण्यात किती? लस नाकारणारं सरकार आणखी सहा महिने तसंच चालू राहिलं तर घरात बसलेल्या माणसाचा जीव वाचत नाही. घरी थांबणं म्हणजे जोखीम शून्य, असं आपण धरून चालतो. ब्राझीलच्या लोकांनी वर्षभर घरी थांबून पाहिलं होतं, आणि जोखीम शून्य झाली नव्हती.

पण हाच हिशेब कुणीही मांडू शकतो, हे मला मान्य आहे. २९ ऑगस्ट २०२०ला बर्लिनमध्ये सुमारे ३८ हजार माणसं जमली, त्यांच्या मते मास्कसक्ती हीच खरी आपत्ती होती. शहरानं घातलेली बंदी न्यायालयानं उठवली. मोर्चेकऱ्यांनी अंतर पाळलं नाही म्हणून पोलिसांनी मोर्चा विसर्जित केला, आणि संध्याकाळी काही जण संसदेच्या पायऱ्यांवर चढले. त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटतं. तरी न्यायालयानं बंदी उठवली ते बरोबर, आणि अटी मोडल्यावर पोलिसांनी मोर्चा थांबवला तेही बरोबर. सभेचा हक्क मागणीच्या योग्यतेवर ठरायला लागला, तर योग्यता कोण ठरवणार? सरकारच.

म्हणूनच जून २०२०मध्ये अमेरिकेतल्या बाराशेहून अधिक आरोग्यतज्ज्ञांनी आणि त्यांच्या साथीदारांनी काढलेलं पत्र मला खटकलं. वंशद्वेषाविरुद्धच्या निदर्शनांना आरोग्याच्या नावानं विरोध करू नका, पण टाळेबंदीविरोधी निदर्शनांना ही सूट नाही, असा त्याचा सूर होता. वंशद्वेष आरोग्याचाही प्रश्न आहे, यावर माझा वाद नाही. पण हेतू पाहून जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाचं पुढच्या वेळी कोण ऐकेल? त्यांनी फक्त इतकं सांगायचं होतं, की जमणार असाल तर असं जमा. ते सगळ्यांना सारखं लागू झालं असतं.

न्यायालयांपैकी काहींनी ही वाट फार लवकर दाखवली होती. जर्मनीतल्या गीसेन शहरात एप्रिल २०२०मध्ये एका माणसानं साधारण तीस जणांची सभा घ्यायची ठरवली, प्रत्येकाची जागा आधीच आखून देणार होता. शहरानं नकार दिला, कारण नियमानं सगळ्याच सभांना बंदी आहे असं त्यांनी धरलं. १५ एप्रिलला संघराज्य घटना न्यायालयानं सांगितलं, की असं सरसकट धरता येणार नाही, ही सभा या जागी या पद्धतीनं सुरक्षित होऊ शकते का, हे तुम्हाला तपासावं लागेल. साथीचं भय तेव्हा शिगेला होतं, लस दृष्टिपथातही नव्हती. दोन महिन्यांनी, १३ जूनला, फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं दहापेक्षा जास्त जणांच्या निदर्शनांवरची बंदी स्थगित केली. इस्राएलमध्ये सप्टेंबरअखेर निदर्शनासाठी घरापासून एक किलोमीटरच्या बाहेर जायला मनाई झाली होती, लोकांनी मग आपापल्या चौकात, पुलांवर उभं राहून देशभर शेकडो छोटी निदर्शनं केली. ती किलोमीटरची अट पुढे एप्रिल २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवली.

स्लोव्हेनियाच्या लोकांनी तर न्यायालयाची वाटही पाहिली नाही. लुब्लियानात वैद्यकीय साहित्याच्या सरकारी खरेदीतल्या गैरव्यवहाराचे आरोप बाहेर आले आणि एप्रिल २०२०पासून दर शुक्रवारी लोक सायकली घेऊन निघू लागले. सायकलवर अंतर आपोआप राहतं. घंट्यांचा तो किणकिणाट पुढच्या दोन वर्षांत थांबला नाही. २४ एप्रिल २०२२ला पंतप्रधान यानेझ यान्शा यांच्या पक्षाचा निवडणुकीत पराभव झाला.

पण प्रत्येक देशात असं न्यायालय किंवा अशी निवडणूक नसते, आणि तिथे साथीचे कायदे कुठवर जातात हे पाहिलं की पोटात गोळा येतो. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ला लष्करानं सत्ता बळकावली. दोन दिवसांनी सरकारी डॉक्टर आणि नर्स लाल फिती लावून कामावरून बाहेर पडले. साथ चालू असताना रुग्णालय सोडण्याचा निर्णय त्यांनी काय मनानं घेतला असेल, याची कल्पना मला करवत नाही. आणि लष्करानं सत्तेवरून हटवलेल्या नेत्या आंग सान सू ची यांच्यावर लावलेल्या आरोपांत कोविडचे नियम मोडल्याचा आरोप होता. प्रचाराच्या वेळी त्यांनी गर्दीकडे पाहून हात हलवला होता. डिसेंबर २०२१मध्ये त्यांना या आरोपावरही शिक्षा झाली. हाँगकाँगमध्ये १९८९च्या तिआनमेन चौकातल्या बळींच्या स्मरणार्थ ४ जूनला भरणाऱ्या मेणबत्त्यांच्या सभेला २०२०मध्ये तीस वर्षांत प्रथमच परवानगी नाकारली गेली, कारण सांगितलं आरोग्याचं. पुढे साथ गेली, मास्कही गेले. सभा परत आली नाही.

२० मे २०२५ला जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेनं साथींबाबतचा करार स्वीकारला. त्यानुसार देशोदेशी कायदे नव्यानं लिहिले जातील, लसींची, औषधांची, माहितीची कलमं येतील. त्यातच सभांबद्दलची कलमंही आत्ताच, डोकं शांत असताना, लिहून टाकावीत. सरसकट बंदी घालायची असेल तर ती मोजक्या दिवसांची असावी आणि वाढवायची झाल्यास संसदेनं मत द्यावं. त्या काळात वटहुकमानं साथीशी संबंध नसलेला कुठलाही कायदा करता येऊ नये, कारण ज्यावर लोकांना बोलता येत नाही ते सरकारनं करू नये. सत्ताधाऱ्यांच्या सभेला आणि विरोधकांच्या सभेला माणसांची मर्यादा एकच असावी. पोलिसांनी अश्रुधूर वापरू नये, बंद गाडीत माणसं भरू नयेत. आणि संयोजकांवरही बंधनं यावीत: मास्क त्यांनी पुरवायचे, खचाखच भरलेल्या बसनं माणसं आणायची नाहीत, तासाभरात पांगायचं, लाट शिखरावर असेल तर संख्या स्वतःहून आवरायची. सभेला परवानगी मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणण्याआधी, ती कशी घेता येईल हे शोधण्याची जबाबदारी प्रशासनाची असावी. मैदान मोजावं, किती माणसं मावतात ते सांगावं, आणि दर दोन मीटरवरच्या खुणा आखायला नगरपालिकेनं आपली माणसं पाठवावीत.